दुखत नाही ना, मग कशाला?

माझी आत्या सदाशिव पेठेत राहते. वय ७६. गेल्या दिवाळीत तिच्याकडे फराळाला बसले होते, तेव्हा लक्षात आलं की ती प्रत्येक घास डाव्या गालात नेते आहे. चकलीचा तुकडा तिने दह्यात भिजत ठेवला आणि तो मऊ पडल्यावरच तोंडात टाकला.

"आत्या, उजवीकडे काय झालंय?"

"काही नाही गं. एक दाढ जरा हलते. दुखत नाही ना, मग कशाला उगाच?"

हीच आत्या दर तीन महिन्यांनी साखर तपासून घेते. बीपीची गोळी एक दिवस चुकवत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिने स्वतःहून वेळेवर करून घेतलं. तिच्या कपाटात रिपोर्टांची फाइल आहे, तारखेनुसार लावलेली. त्या फाइलीत दातांचा मात्र एकही कागद नाही. तिला आळशी म्हणता येणार नाही, अडाणी तर मुळीच नाही. मग दातांच्याच बाबतीत असं का होतं, याचा मी गेले काही महिने शोध घेते आहे. वाचलं, दंतवैद्यांना विचारलं, विरंगुळा केंद्रात बसून आजी-आजोबांचं ऐकलं. त्यातून जे उमगलं ते इथे मांडते, कारण अशी आत्या बहुतेक प्रत्येक घरात आहे.

न वाजणारी घंटा

"दुखलं की जाऊ" हा दातांबद्दलचा आपल्याकडचा सर्वांत पक्का नियम. तरुणपणी तो बऱ्यापैकी चालतोही. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली की रात्रीची झोप उडवणारी कळ येते आणि माणूस सकाळी दवाखान्याच्या दारात उभा राहतो.

उतारवयात ही कळच येईनाशी होते. दाताच्या आत एक पोकळी असते, तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, ज्याला आपण 'नस' म्हणतो. वय वाढतं तसा दात आतल्या बाजूने थरावर थर धरत जातो, पोकळी अरुंद होते आणि तिच्यातले मज्जातंतूही कमी होतात. त्यामुळे पंचविशीत ज्या किडीने माणूस तळमळला असता, तीच कीड पंच्याहत्तरीत गुपचूप आत सरकते. एक दिवस भाकरी चावताना दाताचा तुकडा पडतो, किंवा हिरडीवर गळू येतं, तेव्हा कुठे कळतं.

हिरड्यांचा आजार तर कुठल्याच वयात फारसा दुखत नाही. हिरडीच्या कडेला साचलेला चिकट थर कडक होऊन त्याचं कीटण बनतं. त्याच्या आसऱ्याने जंतू दात आणि हिरडी यांच्या मधे शिरतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजत जातं. सुरुवातीला याची एकच ठळक खूण मिळते, ती म्हणजे ब्रश करताना येणारं रक्त. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तीही नीट मिळत नाही, कारण निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी येतं आणि हिरड्या ठणठणीत आहेत असं वाटत राहतं.

आता आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला माहीत नव्हती. दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यावर इनॅमलचं कवच असतं. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. मुळावर हे कवच नसतं, कारण मूळ हिरडीच्या आत सुरक्षित असायला हवं. वयानुसार हिरडी मागे सरकली की ते उघडं पडतं. आम्लता मोजायचा जो पीएच नावाचा आकडा आहे, त्यात ७ म्हणजे शुद्ध पाण्यासारखं, आणि आकडा जितका खाली तितकं अधिक आम्ल. इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागतं. मूळ मात्र ६.२ ते ६.७ च्या आसपासच झिजायला लागतं. गोड चहा प्यायलं की तोंडातलं आम्ल वाढतं आणि ते पूर्वपदावर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. ज्या चहाने नातवाच्या दाताला काही होत नाही, तोच चहा आजीच्या उघड्या मुळाला पुरेसा असतो. त्यात ती दिवसभरात चार वेळा अर्धा-अर्धा कप घेणारी असेल, सोबत बिस्किट असेल, तर त्या मुळाला सावरायला उसंतच मिळत नाही.

आत्याच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती दातांकडे दुर्लक्ष करत नव्हती. आयुष्यभर ज्या घंटेवर ती विसंबली, ती घंटाच वाजायची थांबली होती, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

राखुंडीपासून ब्रशपर्यंत

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आत्या शाळेत होती. त्या काळी त्यांच्या घरी ब्रश वडिलांपुरता. मुलांना राखुंडी, नाहीतर काळं दंतमंजन, आणि घासायला बोट. राखुंडी खरखरीत असते. ती लावून करकर आवाज येईपर्यंत घासलं की दात स्वच्छ, असं तिच्या मनात बसलं. पुढे ब्रश आला, पेस्ट आली, पण हाताची चाल तीच राहिली. कडक ब्रश, आडवा हात आणि भरपूर जोर. अनेक ज्येष्ठांच्या दातांना हिरडीलगत पाचरीसारख्या खाचा दिसतात, त्या बऱ्याचदा अशा घासण्याच्या असतात. म्हणजे ज्यांनी मनापासून निगा राखली त्यांचेच दात झिजले. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

त्या पिढीची एक सवय मात्र सोन्यासारखी आहे, जेवण झालं की खळखळून चूळ भरायची. आमच्या पिढीने ती सोडली.

मशेरीचं वेगळं सांगायला हवं. भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या बायका दातांना लावत आल्या. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजता येते. ती लावणारी बाई त्याला व्यसन समजत नाही, 'दात घासणं' समजते. म्हणून डॉक्टरांनी "आजी, तंबाखू खाता का?" विचारलं, तर ती अगदी खरेपणाने "नाही" म्हणते. "मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचारलं तरच खरं उत्तर मिळतं. घरच्यांनीही तसंच विचारावं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ती त्वरित दाखवायची, दुखत नसली तरी. तोंडाचा कर्करोगही सुरुवातीला अनेकदा दुखत नाही.

भीतीही त्याच काळातली आहे. हवेच्या दाबावर अतिवेगाने फिरणारं दात कोरायचं यंत्र अमेरिकेत १९५७ मध्ये बाजारात आलं. आपल्याकडच्या साध्या दवाखान्यांत ते पोचेपर्यंत बराच काळ गेला. तोवर पट्ट्यावर चालणारं, घरघरणारं, काही ठिकाणी पायाने हाणायचं यंत्र होतं. ज्यांनी लहानपणी ते सोसलं, त्यांना "आता काही दुखत नाही हो" असं सांगून भागत नाही. त्या भीतीला खोटं ठरवू नये. फक्त ती जुनी आहे, एवढं शांतपणे दाखवून द्यावं.

समजुतींचंही तसंच. "वरची दाढ काढली की डोळे अधू होतात" हे मी विरंगुळा केंद्रात एका दुपारी तीन वेळा ऐकलं. दाताच्या मज्जातंतूचा दृष्टीच्या मज्जातंतूशी संबंध नाही. दाढा काढायची वेळ येते ते वय आणि मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर वाढण्याचं वय एकच असतं, म्हणून दोन्हींची सांगड बसली. "कीटण काढलं की दात हलतात" या समजुतीमागेही खरा अनुभव आहे. हाड झिजून दात आधीच सैल झालेले असतात आणि कीटणाने ते सिमेंटसारखे एकत्र धरलेले असतात. ते निघालं की हलणं जाणवतं, फटी दिसतात. सफाईने दात सैल केले नाहीत, लपलेलं सैलपण उघड केलं. दंतवैद्याने हे काम सुरू करण्यापूर्वी एवढं सांगितलं तर किती पेशंट दुसऱ्यांदा येतील!

सर्वांत घट्ट समजूत मात्र "वय झालं, दात पडायचेच" ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ६० वर्षांवरच्या लोकांपैकी साधारण २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांचे थोडेफार दात आहेत आणि त्यांची निगा राखण्यात अर्थ आहे. जपानने १९८९ मध्ये '८०२०' नावाची मोहीम सुरू केली, ८० व्या वर्षी किमान २० दात. सुरुवातीला त्या वयाच्या दहातल्या एकालाही ते साधत नव्हतं. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना साधलं. माणसाचं शरीर तेच राहिलं, सवयी आणि सोयी बदलल्या.

जिना, रिक्षा आणि पेन्शन

रोनाल्ड अँडरसन या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ मध्ये माणूस डॉक्टरकडे कधी जातो आणि कधी जात नाही याचा एक साधा आराखडा मांडला. जाण्याकडे मनाचा कल हवा, जाण्याची सोय हवी आणि जाण्याची गरज वाटायला हवी. दातांवरच्या संशोधनात आजही तो वापरला जातो. कल आणि गरज यांबद्दल वर लिहिलं. सोयीबद्दल आपण फार कमी बोलतो.

पेठांमधल्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. आत्या दुसऱ्या मजल्यावर राहते, तिचा ओळखीचा दवाखानाही दुसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांना चार जिने लागतात, दोन जायला, दोन यायला. बरेच दवाखाने दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी पाचनंतर उघडतात. त्या वेळी बाजीराव रोड, लक्ष्मी रोड ओलांडणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या कुठल्याही ज्येष्ठाला विचारा. अंधार पडल्यावर ही मंडळी एकटी बाहेर पडत नाहीत. मुलगा बंगळुरूला, सून नोकरीवर. कुणाला 'माझ्यासाठी सुट्टी घे' म्हणायचं त्यांच्या जिवावर येतं. हृदयाचं असतं तर म्हणाले असते. दातासाठी म्हणवत नाही.

विशेषतः बायकांना. नवऱ्याच्या कवळीसाठी चार खेटे घालणारी बाई स्वतःच्या दाढेसाठी "माझं काय आता" म्हणते. मला हे वाक्य ऐकवत नाही.

आणि पैसा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या अनेकांना ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते, तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. आरोग्य विम्याच्या नेहमीच्या पॉलिसींमध्ये अपघात सोडून दातांचा खर्च सहसा धरलेला नसतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांसाठी आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण आलं, त्याचा मोठा आधार आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी. दात भरणं, सफाई, कवळी ही बसल्या बैठकीची कामं त्यात येत नाहीत. खर्च खिशातूनच करायचा असेल, तर माणूस तो पुढे ढकलतो. आणि दातांचं काम ढकललं की महागतं. आज साधं भरून भागलं असतं, तिथे वर्षभराने रूट कॅनॉल आणि कॅप लागते, नंतर दातच काढावा लागतो.

पुण्यात यावर एक चांगला मार्ग आहे, तो अनेकांना ठाऊक नसतो. धनकवडीत भारती विद्यापीठाचं, वडगाव बुद्रुकला सिंहगडचं, कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील, अशी दंत महाविद्यालयं आहेत. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा साधारणपणे बराच कमी येतो. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात. पण सकाळी ओपीडी असते, आणि निवृत्त माणसाला सकाळचा वेळ काढणं जमतं. तिथे शिकाऊ मुली-मुलं आजींशी फार मायेने बोलतात, हेही मी पाहिलं.

गोळ्यांची डबी

"तोंड कोरडं पडतं हल्ली" हे म्हातारपणाचं लक्षण समजून सोडून दिलं जातं. बहुतेक वेळा त्यामागे गोळ्या असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, झोपेच्या. जितक्या जास्त गोळ्या, तितकी लाळ कमी होण्याची शक्यता अधिक. लाळ आम्ल धुऊन टाकते, जंतूंना आवर घालते, दाताला कॅल्शियम परत देते. ती कमी झाली की वर सांगितलेली मुळांची कीड झपाट्याने वाढते. वाईट म्हणजे कोरडेपणावर लोक जो उपाय करतात, पेपरमिंट किंवा खडीसाखर चघळत राहणं, तो त्या किडीलाच खाऊ घालतो. त्याऐवजी घोट-घोट पाणी, बिनसाखरेची गोळी, एखादी लवंग किंवा वेलदोडा. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. डॉक्टरांना "याने तोंड कोरडं पडतं का, दुसरी देता येईल का?" एवढं विचारायचं.

मधुमेहाचं नातं दुहेरी आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर एचबीएवनसीचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, आकडा काही महिन्यांत सरासरी ०.३ ते ०.४ ने खाली येतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. आत्याला मी बाकी काही सांगितलं तेव्हा ती हसून टाळत होती. हा आकडा सांगितल्यावर ती गप्प झाली आणि फाइल काढायला उठली.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून दात काढायचं टाळणारेही खूप. काहीजण तर आपणच ती गोळी चार दिवस बंद करून येतात. हे फार धोक्याचं. बहुतेकांचा साधा दात गोळी न थांबवताही काढता येतो, तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनी मिळून घ्यायचा. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल तर तेही दात काढण्याआधी सांगायलाच हवं, कारण क्वचित कुणाच्या जबड्याची जखम भरत नाही. म्हणून दंतवैद्याकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी न्यावी.

ब्रश धरणारा हात

बोटांचे सांधे सुजले असतील तर ब्रशची बारीक दांडी धरवत नाही. आजी हे बोलत नाही, फक्त घासणं अर्ध्या मिनिटात उरकते. दांडीवर जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून रबरबँड लावलं, किंवा सायकलच्या हँडलचं रबर चढवलं, तरी पकड येते. बॅटरीचा ब्रशही चालतो. बेसिनशी उभं राहवत नसेल तर खुर्ची टाकून द्यावी. केस मऊ हवेत, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, आणि पेस्टवर फ्लोराईड लिहिलेलं आहे का ते पाहावं. अनेक आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतं. घासून झाल्यावर थुंकायचं, पण लगेच भरपूर पाण्याने खळखळून धुवायचं नाही. चुळीची सवय सोन्यासारखी म्हटलं ती जेवणानंतर, पेस्टनंतर नव्हे.

विस्मरणाचा आजार असलेल्या आई-वडिलांचे दात दुसऱ्याने घासून द्यावे लागतात. समोरून केलं की ते घाबरतात, हात झटकतात. शेजारी किंवा थोडं मागे बसून, आरशात दोघांनी बघत, त्यांच्याच हातावर आपला हात ठेवून केलं तर सोपं जातं.

कवळी असणाऱ्यांना वाटतं की दात गेले, आता दंतवैद्य कशाला? पण दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, कवळी सैल होते, घासते, आणि माणूस ती फक्त लग्नकार्यापुरती घालू लागतो. मग भाकरी, काकडी, दाणे सुटतात आणि ताटात खिचडी आणि चहा-बिस्किट उरतं. रात्री कवळी काढून, साबणाच्या पाण्याने ब्रशने धुऊन, साध्या पाण्यात ठेवायची. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट दिसला, कारण तोंडातले जंतू झोपेत छातीत उतरतात. लाजेपोटी रात्रीही कवळी न काढणाऱ्या आज्या मला माहीत आहेत. नातवंडांसमोर बोळकं दिसू नये म्हणून.

आत्याला शेवटी दंतवैद्याकडे घेऊन गेली ती तिची भिशीतली मैत्रीण. मी महिनाभर सांगत होते, पण मैत्रीण एकदाच म्हणाली, "मी मंगळवारी चाललेय, रिक्षा अर्धी-अर्धी करू." डॉक्टर बाईंनी आधी काहीच न करता अर्धा तास बोलणं काढलं. हलणारी दाढ काढावी लागली, शेजारची वाचली, दोन मुळांची कीड भरली. रक्त पातळ करायची गोळी चालूच ठेवून. पुढची तारीख आत्याने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहिली आहे, गॅस लावल्याच्या तारखेखाली, आणि शेजारी मैत्रिणीचंही नाव.